सास्तूरच्या अक्का

माझं पहिलं काम तपासायला गेलं, तेव्हा उत्तर ईमेलनं येईल अशी माझी समजूत होती. आला तो फोन. पलीकडून एक बाई बोलत होत्या आणि त्यांच्या मागे कुठंतरी पिठाची गिरणी सुरू होती.

“रेणुका ना? प्रज्ञा बोलते, सास्तूरहून. तू लिहिलेलं जरा वाचून दाखव.”

मला वाटलं, त्यांच्याकडं लाईट गेली असेल, स्क्रीन दिसत नसेल. मी कोडच्या ओळी जशाच्या तशा इंग्रजीत वाचायला लागले. कंस सुरू, कंस बंद. चार ओळी होतात न होतात तोच त्यांनी थांबवलं.

“तसं न्हाय. मराठीत वाच. तुझ्या आईला कळंल असं.”

पुण्याच्या ऑफिसात माझ्या दोन्ही बाजूंना माणसं बसलेली, आणि मी दबक्या आवाजात सांगत होते, “एखादा प्रोग्रॅम भराभर फायली उघडत असेल, तर त्याच्यावर नजर ठेवायची. त्या फायलींची नावं बदलायला लागला, तर त्याला थांबवायचं. मग...” या ‘मग’पाशी मी अडखळले. पुढची ओळ मी दुसरीकडून उचलून आणली होती आणि ती नेमकं काय करते हे मला सांगता येत नव्हतं.

“मग काय?”

“मग बहुतेक तो प्रोग्रॅम बंद होतो.”

“बहुतेक म्हणजे किती?”

मी ती ओळ पुन्हा मनात वाचली. गिरणी सुरूच. “काही हरकत न्हाय,” त्या म्हणाल्या. “आज कळलं ते बरं झालं. नीट समजून घे, दुपारी पुन्हा वाचू.” दुपारी पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा वाचलं, तेव्हा कुठं त्यांनी होकार दिला. पुढची तीन वर्षं मी जे जे लिहिलं, ते सगळं असं त्यांना मराठीत वाचून दाखवलं.

आमची कंपनी सायबर सुरक्षेची. कारखाने, दवाखाने, शाळा, दुकानं ही तिची गिऱ्हाइकं. त्यांच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर आमचा एक लहानसा प्रोग्रॅम बसवलेला असतो आणि तो राखण करतो. काही संशयास्पद दिसलं, तर तो त्या कॉम्प्युटरची बाकीच्यांशी असलेली जोडणीच तोडून टाकतो, म्हणजे लागण शेजारी पसरत नाही. संशयास्पद कशाला म्हणायचं याचे नियम आम्ही लिहायचो. मी लिहिणारी, आणि प्रज्ञा गायकवाड तपासणाऱ्या. त्यांचं पद सीनियर सॉफ्टवेअर इंजिनीअर. पण ऑफिसात त्यांना सगळे अक्का म्हणत, आमच्या भागात थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. दिल्लीकडची पोरंही ‘अक्का’च म्हणत. त्यातल्या काहींना ते त्यांचं आडनाव वाटायचं.

अक्का दहा वर्षं पुण्यात राहिल्या होत्या. वडलांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा त्या लोहारा तालुक्यातल्या आपल्या गावी, सास्तूरला, परतल्या आणि तिथूनच काम करू लागल्या. दोन कंपन्यांची सिमकार्डं, एक इन्व्हर्टर आणि घराची पुढची खोली, एवढ्यावर त्यांचं ऑफिस चालायचं. मीटिंगमध्ये बाकीचे आपापला आवाज बंद करून बसत. अक्का कधीच नाही. शेळ्या ओरडत, बैलगाडी जाई, भाजीवाला येई. एकदा परदेशातल्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, हा कसला गोंधळ चाललाय? अक्कांनी आपल्या सावकाश, मराठवाडी हेलाच्या इंग्रजीत सांगितलं की शेजारची म्हैस व्यायलीय आणि सकाळपासून सगळी गल्ली तिथं गोळा झालीय. माझ्या शेजारी बसलेले दोघं तोंडावर हात ठेवून हसले. पुढच्या महिन्यात त्या गिऱ्हाइकाची पुन्हा मीटिंग झाली, तेव्हा त्यानं कामाचं बोलण्याआधी रेडकाची चौकशी केली.

कोड लिहिताना मधूनमधून समजुतीसाठी टिपा लिहायची पद्धत असते. बाकीच्यांच्या टिपा कामापुरत्या. अक्कांच्या मी हुडकून हुडकून वाचायचे. एका ठिकाणी त्यांनी लिहिलं होतं, ‘इथवर आले तेव्हा मी दमले होते. पुढच्या वीस ओळी दुसऱ्या कुणीतरी नीट बघाव्यात.’ खाली तिघांनी वेगवेगळ्या वेळी ‘बघितलं’ असं लिहून ठेवलेलं. चौथ्यानं त्यात खरोखरच एक चूक काढली होती, आणि तिच्याखाली अक्कांचं उत्तर होतं: ‘लई उपकार झाले.’ मी दमले होते, असं कामात लिहून ठेवणारं दुसरं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

माझं घर अणदूरला. आम्ही धनगर. घरची मेंढरं आता थोरला भाऊ राखतो. मी पुण्यात नेमकं काय करते हे आईला समजावून सांगताना मी हरले होते. ती शेजारणींना ‘कॉम्प्युटरवर बसती’ एवढंच सांगायची. एकदा मी सुट्टीत घरी असताना अक्कांचा फोन आला. मी आंघोळीला गेले होते, म्हणून आईनं उचलला. बाहेर आले तर आई भिंतीला टेकून, पाय लांब करून बसलेली आणि फोन स्पीकरवर.

“तुमची लेक राखणीचंच काम करती, मावशी,” अक्का सांगत होत्या. “फक्त मेंढरं न्हायत, मशिनी हायत.”

“मग कुत्रं पाळलंय का?” आईनं विचारलं.

“पाळलंय की. त्यानं कुणावर भुंकायचं ते तुमची लेक शिकवती.”

आईनं जरा विचार केला. “आन् त्यानं घरच्यालाच धरलं तर गं, बाई?”

अक्का खळखळून हसल्या. “मावशी, त्याचंच तर मला सगळ्यात जास्त भ्या वाटतंय.”

त्या दिवसापासून आई शेजारणींना माझ्या कामाबद्दल इतकं तपशिलानं सांगू लागली की मीच लाजायचे. आणि आईला पडलेला तो प्रश्न पुढच्याच वर्षी माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

खंडोबाच्या यात्रेसाठी मी अणदूरला आले होते आणि आठवडाभर घरूनच काम करणार होते. त्या दिवसांत फायलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या एका नव्या प्रोग्रॅमनं धुमाकूळ घातला होता. त्याला पकडायचा नियम मी लिहिला आणि अक्कांना वाचून दाखवला. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “असंच वागणारा कुणी सज्जन असू शकतो का? यादी बघितलीस?”

यादी म्हणजे गिऱ्हाइकांकडं रोज चालणाऱ्या, भरवशाच्या प्रोग्रॅमांची. ती भली मोठी. मी निम्मी तपासली होती. घर पाहुण्यांनी भरलेलं, आई तिसऱ्यांदा हाक मारत होती.

“हो, सगळी बघितली,” मी म्हणाले.

ते किती सहज तोंडातून गेलं, हे मला अजून आठवतं. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तो नियम सगळ्या गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरांवर गेला. वीस मिनिटांत फोन यायला सुरुवात झाली. दवाखान्यांच्या लॅबमध्ये एक साधा प्रोग्रॅम असतो. रक्त तपासायच्या मशीनमधून आलेल्या फायली तो उघडतो, त्यांना पेशंटची नावं देतो आणि डॉक्टरांकडं पाठवतो. दिवसभर त्याचं हेच काम. माझ्या नियमाला तो चोर वाटला. चार दवाखान्यांतले कॉम्प्युटर आमच्या प्रोग्रॅमनं तोडून टाकले होते, आणि तसाच प्रोग्रॅम वापरणाऱ्या एका मोठ्या कारखान्यातलेही.

सगळ्यांची एकत्र मीटिंग लागली. आमचे मॅनेजर निखिल सर म्हणत होते, कारखान्याचं आधी बघा, ते सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे. एक जण म्हणत होता, कारण सापडल्याशिवाय काही हलवू नका. सात-आठ जण एकदमच बोलत होते. मी घरात मोबाइल हातात धरून उभी होते.

“आवाज कुठनं येतोय?” अक्का म्हणाल्या. त्या कधी मोठ्यानं बोलत नसत, तेव्हाही बोलल्या नाहीत. पण सगळे थांबले. “कारखाना थांबला तर माल थांबंल. दवाखान्यात माणसं झोपल्याली हायत. आधी दवाखाने. आणि कारण मग हुडकू, आत्ता नियम मागं घ्या.”

नियम मागं घेतला. अर्ध्या तासात तीन दवाखाने सुरू झाले. चौथा होईना. तिथं आमच्या प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती होती, आणि तिनं बाकीच्यांबरोबर आमच्याशी असलेली जोडणीही तोडली होती. आता कुणीतरी तिथं जाऊन एकेका कॉम्प्युटरपुढं बसून तो मोकळा करणं, एवढाच मार्ग उरला होता. दवाखाना आमच्याच जिल्ह्यातला, हायवेवरच्या एका तालुक्याच्या गावचा.

“मी निघाले,” अक्का म्हणाल्या. “रेणू, तू यायलीस का? तुला तिथनं बस मिळंल.”

दीड वर्षं मी त्यांचा आवाज रोज ऐकत होते, पण त्यांना प्रत्यक्ष पाहिलं ते त्या दिवशी, दवाखान्याच्या दारात. मला का कोण जाणे, त्या उंच असतील असं वाटायचं. स्कूटीवरून उतरल्या त्या माझ्या खांद्याला लागतील एवढ्याच. तोंडाला बांधलेला स्कार्फ, चष्म्यावर धूळ, आणि लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून कापडी पिशवीत ठेवलेला. त्यांनी स्कार्फ सोडला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, “पाणी पी आधी. तोंड बघ केवढंसं झालंय.”

अकरा कॉम्प्युटर होते. काउंटरवरचा माणूस आमच्यावर ओरडत होता, तरी अक्का सरळ लॅबमध्ये गेल्या. तिथले टेक्निशियन मुजावर, पन्नाशीचे गृहस्थ, एकेक रिपोर्ट हातानं चिठ्ठीवर लिहून देत होते आणि नर्स त्या घेऊन पळत होत्या. बाळंतपणाची एक बाई आत होती, तिला रक्त चढवायचं होतं. तिची सकाळची तपासणी मशीनमध्ये अडकलेली. मुजावरांनी वाट बघत न बसता पुन्हा रक्त घेऊन सगळं पहिल्यापासून हातानं केलं होतं.

“चाळीस मिनिटं गेली,” ते म्हणाले. रागानं नाही, नुसतं सांगितलं. मला ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

अक्कांनी मला कीबोर्डपुढं बसवलं. त्या मागं उभ्या राहून एकेक पायरी सांगत होत्या, आणि मी चुकले की नुसतं “दम खा” म्हणत होत्या. दुपारी तीनच्या सुमाराला अकरावा कॉम्प्युटर सुरू झाला. मला वाटलं, आता निघायचं. अक्का म्हणाल्या, “चल, त्या बाईच्या घरच्यांना बघून येऊ.”

“त्यांना काय सांगायचं, अक्का?”

“काही सांगायचं न्हाय. बघायचं.”

ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाकड्यावर एक म्हातारी मांडीवर डबा घेऊन बसली होती. आमच्या गळ्यातली कंपनीची ओळखपत्रं बघून तिनं अक्कांना विचारलं, “बाई, कॉम्प्युटर बंद पडलाय म्हणं. झाला का सुरू?”

“झाला, मावशी.”

“मग येती माझी लेक भाईर,” ती म्हणाली आणि डबा नीट धरून बसली. आम्ही तिच्या शेजारी बसलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग दार उघडलं. नर्सनं सांगितलं, मुलगी झाली, दोघी चांगल्या आहेत. म्हातारीनं जवळ होता तो हात धरला, आणि तो माझा होता. ती हसत होती, रडत होती, माझा हात कपाळाला लावत होती. मला तो सोडवून घेता येईना.

बाहेर टपरीवर चहा घेताना मी सांगून टाकलं. “अक्का, यादी मी निम्मीच बघितली होती. सगळी बघितली असं खोटं बोलले.”

त्यांनी ग्लास खाली ठेवला. “काल तू लई लवकर ‘हो’ म्हणालीस. कानाला खटकलं होतं माझ्या. पण मला वडलांना डॉक्टरकडं न्यायचं होतं, मीबी घाईत होते. पुन्हा विचारायला पायजे होतं, विचारलं न्हाय.”

मला रडू आलं. “आता कशाला रडायलीस?” त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ हायवेवरचे ट्रक बघत राहिल्या आणि त्यांनी मला त्यांच्या पहिल्या नोकरीतली गोष्ट सांगितली.

तेव्हा त्या पुण्यात नव्या होत्या. त्यांच्या हातून एक चूक झाली आणि एका गिऱ्हाइकाचं काम दिवसभर बंद पडलं. संशय गेला तो कंत्राटावर असलेल्या एका तपासनिसावर, संतोष नावाच्या. अक्का दोन दिवस गप्प बसल्या. तिसऱ्या दिवशी धीर करून साहेबांकडं गेल्या, तर संतोषचं ओळखपत्र काढून घेतलेलं आणि तो गावी निघून गेलेला. साहेब म्हणाले, झालं ते झालं, आता कशाला उकरून काढता. पुढं कितीतरी महिने अक्का त्याचा पत्ता शोधत होत्या. शेवटी सापडला, एका मोबाइलच्या दुकानात कामाला. अक्का बस धरून तिथं गेल्या आणि त्याच्यापुढं उभ्या राहून सगळं सांगितलं.

“काय म्हणाला तो?” मी विचारलं.

“म्हणाला, ‘मॅडम, एवढे दिवस मला वाटत होतं, माझ्याच हातनं झालं असंल.’” अक्कांनी ग्लास पुन्हा हातात घेतला. “नोकरी गेली त्यापरीस मला ह्याचं लई वाईट वाटलं बघ. त्यानं स्वतःवरचा इश्वास घालवला, माझ्यापायी. तवापासून ठरवलंय, कुणी केलं हे सगळ्यात शेवटी विचारायचं. आधी काय झालं, मग कसं झालं. असं विचारलं म्हणजे माणूस खरं बोलायला धजतो.”

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये निखिल सरांनी विचारलं, यादी तपासली गेली नव्हती का? अक्का म्हणाल्या, “मंजुरी माझी आहे. जबाबदारी माझी.” त्या पुढं काही बोलायच्या आत मी बोलले. यादी निम्मीच बघितली होती आणि अक्कांना खोटं सांगितलं, हे बारा माणसांपुढं सांगितलं. स्वतःचाच आवाज मला परका वाटत होता.

मग निखिल सर म्हणाले, “हे अहवालात लिहावं लागेल.”

“लिहा की,” अक्का म्हणाल्या. “पण रेणुकानं खोटं सांगितलं, असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटंल, रेणुकाला काढलं की झालं. तपासणी तोंडी शब्दावर चालायची, असं लिहा. ते खरं आहे, आणि ते आपल्याला बदलता येतं.”

माझी नोकरी राहिली. तीन महिने माझा प्रत्येक नियम दोघांनी यादी उघडून तपासला, आणि पुढं सगळ्यांसाठीच तशी पद्धत पडली. अक्कांची त्या वर्षी बढती व्हायची होती, ती या प्रकरणामुळं थांबली. हे मला आठ महिन्यांनी, आणि तेही दुसऱ्याकडून कळलं. मी तडक फोन लावला. “असू दे की,” त्या म्हणाल्या. “पाटी बदलली असती. काम हेच राहिलं असतं. तू सांग, काल लिहिलेलं कुठवर आलं?”

त्यानंतर मी एकदा सास्तूरला गेले. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्यानं बसलेलं गाव ते, एका रांगेत घरं. अक्कांच्या पुढच्या खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली लॅपटॉपचं टेबल आणि खिडकीशी वडलांची खाट. वडील गवंडी होते. झटक्यानंतर जीभ जड झाली होती, पण बोलायची हौस दांडगी. जेवण झाल्यावर मी सहज विचारलं, संकटाच्या वेळी अक्का ‘आवाज कुठनं येतोय’ असं का म्हणतात?

अक्का उठून आत गेल्या. वडलांनी सावकाश सांगितलं. भूकंप झाला तेव्हा अक्का पाच वर्षांच्या होत्या आणि आईबरोबर आजोळी होत्या. घरी होते वडील आणि त्यांची म्हातारी आई. वडील बाहेर फेकले गेले, आई आत राहिली. ते हातांनी दगड उपसत होते. तेवढ्यात शेजारच्या ढिगाऱ्यातून लेकरांचा आवाज आला.

“माझ्या आईचा आवाज येत नव्हता,” ते म्हणाले. “लेकरांचा येत व्हता. मी तिकडं गेलो. दोन पोरी काढल्या. मग आईकडं आलो.” त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. “त्या दोघी आता नांदायलेत. दिवाळीला येत्यात. मला मामा म्हणत्यात.”

आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. अक्का बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

दवाखान्याच्या त्या दिवसानंतर अक्कांनी एक गोष्ट मनावर घेतली होती. आमच्या प्रोग्रॅमनं दवाखान्यातला कॉम्प्युटर तोडण्याआधी तिथल्या एखाद्या जाणत्या माणसाला विचारावं, आणि ते त्याला कळेल अशा भाषेत. कंपनीत हे कुणाला पटेना. म्हणत, चोर विचारून थांबतो का? गिऱ्हाइकाला आपोआप चालणारं हवं असतं. अक्कांनी वाद घातला नाही. दर शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, त्या स्कूटी काढायच्या आणि एखाद्या दवाखान्यात जाऊन लॅबमध्ये, औषधांच्या खिडकीशी, काउंटरमागं बसायच्या. कोण काय वापरतं, काय बंद पडलं तर कुणाचं काय अडतं, सगळं वहीत लिहायच्या. कधीकधी मीही जायचे. मुजावरांशी त्यांची एवढी गट्टी जमली, की स्क्रीनवर यायचा प्रश्न कसा लिहावा हे अक्का त्यांनाच विचारायच्या. मुजावरांनी त्यांची पहिली सोळा वाक्यं नापास केली. म्हणायचे, “मॅडम, हातात नळी असताना एवढं कोण वाचणार?”

सतराव्या वाक्याला ते हो म्हणाले: ‘हा कॉम्प्युटर आजारी वाटतो. आत्ता वेगळा ठेवला तर कुणा पेशंटचं अडेल का?’

वर्षभर नाही म्हणून झाल्यावर कंपनीनं ते आधी एका दवाखान्यात करून बघितलं, मग चारांत, मग सगळीकडं. त्याच महिन्यात अक्कांनी राजीनामा दिला. मला धक्काच बसला. दवाखान्यांतल्या मशिनींचे प्रोग्रॅम बनवणाऱ्या हैदराबादच्या एका कंपनीनं त्यांना बोलावलं होतं. सास्तूर सोडायचं नव्हतं. महिन्यातून चार दिवस हैदराबाद, बाकी पुढच्या खोलीतून.

“चोर हुडकायचं काम लई झालं, रेणू,” त्या म्हणाल्या. “आता दारंच नीट बसवता येत्यात का बघते.”

वडील तोवर काठी टेकत चौकापर्यंत जायला लागले होते. निरोपाच्या मीटिंगमध्ये पुण्याच्या लोकांनी अक्कांना बोलायचा आग्रह केला, तेव्हा त्यांनी मोबाइल वडलांकडंच दिला. ते म्हणाले, “पोरीला सांभाळून घेतलंत, बरं वाटलं.” एवढ्यावर मीटिंग संपली, आणि निखिल सरांनी आपला कॅमेरा घाईघाईनं बंद केलेला मी बघितला.

तपासायचं काम आता माझ्याकडं आलं. माझं पदही तेच, सीनियर सॉफ्टवेअर इंजिनीअर. पहिले काही महिने मी अक्कांना दर दोन दिवसांनी फोन करायचे. हे बरोबर आहे का, ते तसं चालेल का. त्या उत्तर द्यायच्या, कधी उलटं मलाच विचारायच्या.

मग या उन्हाळ्यात एके दिवशी सकाळी दहाला खरोखरीचा हल्ला झाला, आणि तो नेमका मुजावरांच्या दवाखान्यात. काउंटरवरच्या कॉम्प्युटरमधून शिरला होता आणि आत पसरू बघत होता. मी मीटिंग लावली, दवाखान्याला फोनवर घेतलं. स्क्रीनवर प्रश्न आले होते. काउंटरच्या दोन कॉम्प्युटरांना मुजावरांनी लगेच वेगळं केलं. औषधांच्या खिडकीवरचाही केला, म्हणाले, चिठ्ठीवर काम चालवतो. लॅबच्या कॉम्प्युटरपाशी मात्र थांबले. “मॅडम, एकाची तपासणी चालू आहे. सहा मिनिटं द्या.”

माझे सहकारी म्हणाले, थांबू नका, तोडा. मी पडद्यावर बघत होते. लॅबचा कॉम्प्युटर अजून स्वच्छ होता. शिरकाव करणाऱ्याला तिथवर यायला जो रस्ता होता तो आम्ही दुसऱ्या बाजूनं बंद केला, आणि मी मुजावरांना म्हणाले, “सहा मिनिटं दिली.” सहा मिनिटांनी त्यांनी स्वतः तो वेगळा केला. रिपोर्ट डॉक्टरांच्या हातात गेला होता. एकही फाईल गेली नाही, एकही पेशंट अडला नाही. दुपारी दोनपर्यंत सगळं साफ करून आम्ही दवाखाना पुन्हा सुरू केला.

सगळं आवरल्यावर मी जागेवरून उठले, खिडकीशी गेले, आणि तेव्हा मला अक्कांची आठवण झाली. फोन लावला. त्या हैदराबादला होत्या. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

“कुणाला काही झालं न्हाय ना?”

“नाही, अक्का.”

“आणि हे सकाळी दहाचं?”

“हो.”

“मग मला आत्ता सांगायलीस? मधी फोन का न्हाय केलास?”

मी खरं तेच सांगितलं. जरा ओशाळूनच. “अक्का, तुमची आठवणच झाली नाही.”

मग त्या हसायला लागल्या. इतकं हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. हसता हसता कुणाला तरी तेलुगूत की हिंदीत काहीतरी सांगत होत्या, आणि ते माणूसही हसायला लागलं.

“लई चांगलं झालं गं,” त्या म्हणाल्या, “लई चांगलं झालं.”